सत्कारापुरता रॅम्प

जठारपेठेतल्या त्या बोळात, अनवरीच्या शिलाईच्या दुकानात पाऊल टाकायचं तर अपमानाची तयारी ठेवूनच टाकायचं, हे अकोल्यातल्या कबड्डीवाल्या पोरांना चांगलं ठाऊक होतं. पुरुषांच्या अंगाला ती फीत लावत नसे. फीत गिऱ्हाइकाच्याच हातात देई आणि आकडा विचारी. "पोट आत ओढून माप घेऊन राहिला काय रे? मैदानात किती वेळ आत ओढशीन? सोड." पोरगा ओशाळून पोट सोडी आणि नवा आकडा सांगी. जर्सी मात्र अशी बसे की पुढच्या हंगामाला तोच पोरगा पुन्हा शिव्या खायला हजर.

पन्नाशीला टेकलेली बाई. अंगानं किरकोळ, आवाजानं दांडगी. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. रोज सकाळी हातानं चालवायच्या तीनचाकीवर ती जुन्या शहरातून निघे, मोर्णा नदीचा पूल ओलांडी आणि दुकान गाठी. पुलाच्या चढावर एखादा भला माणूस मागून ढकलायला आला, तर मागे न बघता म्हणे, "हात काढ. पुण्य दुसरीकडं कमाव."

आधी लोक तिला लंगडी म्हणत. मग सरकारदरबारी ती अपंग झाली आणि अलीकडं दिव्यांग. "नाव बदलवून राहिले लेकाचे," ती म्हणे. "पायरी तिथंच हाये."

कबड्डीचं वेड तिला बापानं लावलं. बाप रफूगर होता. फाटक्या शेरवान्या अन् कोट अशा सांधून देई की फाटलं कुठं होतं ते मालकालाही सापडू नये. संध्याकाळी दुकान मिटलं की तो लेकीला खांद्यावर बसवून मैदानावर नेई. गर्दी कितीही असो, बापाच्या खांद्यावरून तिला सगळं दिसे: मधली रेषा, चढाईला आलेल्याचे भिरभिरते डोळे, कोपऱ्यातल्या बचावपटूचा दबा धरलेला पाय. कोण कुठल्या क्षणी झेप घेणार हे ओळखायचा खेळ बापलेक खेळत, आणि लेक जिंकली की बाप तिचा निकामी पाय हातात धरून हलवी, शाबासकी म्हणून.

मग ती वयात आली आणि खांद्यावरून उतरली. तेवढ्या मोठ्या पोरीला चारचौघांत खांद्यावर कोण घेणार? त्यानंतर तिनं कबड्डीचा एकही सामना धड पाहिला नाही. याबद्दल बापाला तिनं कधी दोष दिला नाही. बाकी सगळ्या जगाला दिला.

प्रयत्न केला नाही असं नाही. तीनचाकी मिळाली तेव्हा मोठ्या उमेदीनं एकदा स्पर्धेला गेली. फाटकाला गुरं येऊ नयेत म्हणून आडवी साखळी लावलेली. ती चौघांकडून काढवली, तर आत प्रेक्षकांच्या गॅलरीला नुसत्या पायऱ्या. खाली उभं राहावं, तर पुढं माणसांची भिंत. त्या दिवशी तिनं तासभर अकोल्याच्या नामांकित क्रीडारसिकांची फक्त ढुंगणं पाहिली, आणि त्यांच्याबद्दल तिचं जे मत झालं ते पुन्हा कधी बदललं नाही. पुढं ती भिंतीबाहेर, भोंग्याखाली तीनचाकी लावून नुसती ऐकायची. कॉमेंट्रीवाला "अप्रतिम! अप्रतिम!" करून ओरडे आणि काय अप्रतिम ते सांगतच नसे. भाऊ इनायतुल्ला चांगला चढाईपटू होता. तो घरी येऊन डाव सांगे, पण स्वतःच्या चढाया फुगवून सांगे आणि ती त्याला तिथंच पकडी. पुढं त्यानं अमरावतीला मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, खेळ सोडला, पोट वाढवलं. "त्याले आता सोफ्यावरून उठाले दम लागते," हे अनवरीचं सख्ख्या भावाबद्दलचं मत. परक्यांबद्दलचं काय असेल याचा अंदाज करावा.

गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. गावोगाव उभ्या पिकात नांगर घालून माणसं मोकळी होत होती, अकोल्यात नळाला आठवड्यानं पाणी येत होतं, आणि त्याच हंगामात शहरात पूर्णा चषक भरायचा होता. राज्यभरातले पुरुषांचे आणि महिलांचे कबड्डी संघ येणार होते. एका बियाणे कंपनीनं खर्च उचलला होता. कंपनीच्या मोठ्या साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं की हल्ली परदेशात स्पर्धा नुसती भरवून चालत नाही. ती पर्यावरणाला जपणारी, सगळ्यांना पोचता येईल अशी आणि सगळ्यांना सामावून घेणारी लागते. साहेबांनी ते अकोल्यात कळवलं, आणि अकोल्यात भगवंतरावांनी ते पाठ करून टाकलं.

भगवंतराव म्हणजे स्पर्धा समितीचे सचिव. कुठलीही समिती निघाली की सचिव तेच. तरुणपणी कबड्डी खेळल्याचं सांगत, पण त्यांना खेळताना पाहिलेला माणूस अकोल्यात कुणाला भेटला नव्हता. ते एके दुपारी अनवरीच्या दुकानात आले. सोबत ज्योत्स्ना तायडे होती. मूळची हिवरखेडची, बौद्ध घरातली पोरगी. नुकतीच इथल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाची प्राध्यापिका म्हणून लागलेली. समितीत बाई हवी म्हणून तिला घेतलं होतं.

"अनवरीबाई," भगवंतराव पुण्याकडची भाषा काढून म्हणाले, "आपली यंदाची स्पर्धा हरित, सुलभ आणि सर्वसमावेशक आहे."

"जर्श्या किती लागतीन?" अनवरीनं विचारलं. पूर्णा चषकाच्या अकोल्याच्या संघांच्या जर्सी वर्षानुवर्षं तीच शिवत आली होती.

भगवंतराव जरा घुटमळले. "जर्सी यंदा बाहेरून मागवल्यात. टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवतात. पर्यावरणपूरक."

"बाटल्यायच्या जर्श्या?"

"म्हणजे त्यांचा धागा काढतात."

"आन् इथपर्यंत येतीन कशा? चालत?"

"ट्रकनं येतील."

"हां," अनवरी म्हणाली आणि मशीनवरची धूळ फडक्यानं झटकली, ती नेमकी भगवंतरावांच्या पांढऱ्या विजारीवर गेली. "मंग माह्याकडं काहून आले?"

"आपला सत्कार करायचा आहे. उद्घाटनाला. आपण दिव्यांग, महिला, शिवाय अल्पसंख्याक, आणि स्वतःच्या पायावर उभ्या..." एवढं बोलून त्यांची नजर खाली गेली आणि ते थांबले.

"बोला ना. उभी कशावर?"

ज्योत्स्नानं खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. भगवंतरावांनी घाम पुसला. "सांगायचा मुद्दा, आपल्यासारखी व्यक्ती शोधून सापडली नसती."

"सत्काराचं पाहू मंग. मले सामना कुठून दिसन ते सांगा."

"सामना?" हा प्रश्न त्यांच्या पाठ केलेल्यात नव्हता. "सामन्याचं काय, सगळं मोबाईलवर लाइव्ह आहे. घरबसल्या पाहा. तेच खरं सुलभ."

"मोबाईलवाला त्याले वाट्टन त्याच्या तोंडाकडं कॅमेरा फिरवते. मले कोपऱ्यातल्याचा पाय पाहाचा असते."

भगवंतरावांना ते कळलं नाही. त्यांनी होकार गृहीत धरला, नमस्कार केला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना एकटी आली. म्हणाली, "आपा, मी जागा काढते तुमच्यासाठी. तुमच्यासाठीच नाही, जे जे पायऱ्या चढू शकत नाहीत त्या सगळ्यांसाठी." टेबलावर कापड आखायचा खडू होता. तो उचलून तिनं मैदानाचा चौकोन काढला आणि मधल्या रेषेच्या समोर बाजूला एक रुंद ओटा काढला. ओट्याला बेताचा उतार, म्हणजे तीनचाकी सहज वर जाईल. शेजारी संडास, ज्याचं दार रुंद असेल. पोरगी बोलत होती आणि तिच्या गालाला खडू लागला होता.

अनवरीनं सगळं ऐकून घेतलं. "नवी हायेस तू," ती म्हणाली.

"म्हणून काय झालं?"

"जुनी होशीन तवा समजीन." आणि त्या चित्रावर तिनं कापडाचा तागा पसरला.

पण ज्योत्स्ना खरंच भांडली. समितीच्या बैठकीत तिनं विषय काढला तेव्हा सगळे आधी तिच्याकडं आणि मग चहाकडं पाहू लागले. ती पुन्हा बोलली. कंपनीच्या साहेबांपर्यंत गोष्ट गेली, साहेबांना ती फार आवडली आणि रॅम्प मंजूर झाला. ज्योत्स्ना धावत सांगायला आली. अनवरी "पाहू" एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी ती कुणाला पोटावरून बोलली नाही.

स्पर्धा तोंडावर आली तेव्हा ज्योत्स्ना पुन्हा आली. या वेळी ती दारातच उभी राहिली.

"आपा, रॅम्प होऊन राहिला. पण स्टेजला."

"स्टेजले?"

"ओट्याच्या जागी पाहुण्यांचे सोफे लावणार म्हणतात. सामना तिथून चांगला दिसतो म्हणून. आणि सत्काराला तुम्हाला उचलून न्यावं लागलं तर फोटोत बरं दिसणार नाही. म्हणून एकच रॅम्प, स्टेजला."

अनवरी मोठ्यानं हसली. ते हसणं ऐकून शेजारचा इस्त्रीवाला बाहेर डोकावला.

"म्हंजे सत्कार घ्याले वर जा, आन् मंग घरी जा."

"मी किती सांगितलं त्यांना..."

"तुह्या सांगन्याचं काय करतीन ते? पोरी, तुले काहून घेतलं समितीत, सांगू? मले ज्याच्यासाठी स्टेजवर घेऊन राहिले त्याच्याचसाठी. एक बाई, एक अमक्या समाजाची, झालं काम. तुह्यात आन् माह्यात काही फरक नाई. माहे पाय दिसतात, एवढंच."

ज्योत्स्नाचा चेहरा उतरला. ती तशीच निघून गेली. अनवरीनं मशीन सुरू केलं. बोलली ते खरंच होतं, आणि खरं बोलायला ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. तरी त्या दुपारी तिच्या हातून एक बाही उलटी लागली. ती उसवताना तिनं सुईला, धाग्याला आणि सरतेशेवटी बियाणे कंपनीला शिव्या घातल्या.

सत्काराला जायचं नाही असंच तिनं ठरवलं होतं. मग उद्घाटनाच्या दिवशी हिरवा दुपट्टा काढला, पुन्हा आत ठेवला, तपकिरी घेतला आणि निघाली. का निघाली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मैदानाच्या भिंतीबाहेर भोंग्याखाली थांबायची सवय होती; निदान या वेळी फाटकातून आत जाऊन शिव्या देता येतील, एवढं तिला वाटलं असावं.

मैदानाच्या दारावर इमारतीएवढा फ्लेक्स लावला होता: "प्लास्टिकमुक्त पूर्णा चषक". फ्लेक्स कशाचा असतो हे समितीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आत पाहुण्यांना देण्यासाठी रोपांच्या रांगा होत्या, त्यांची पानं दुपारच्या उन्हात माना टाकून पडली होती आणि टँकरचं पाणी मात्र धूळ बसावी म्हणून वाहनतळावर मारणं चाललं होतं. मुख्य पाहुणे बॅटरीवरच्या रिक्षातून आले. फाटकापासून स्टेजपर्यंत. फाटकापर्यंत ते ज्या डिझेलच्या गाड्यांमधून आले, त्यांची रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. एका कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र लावलेला संडास होता. अनवरीनं दार ढकलून पाहिलं. आत मंडपवाल्यानं गाद्या रचून ठेवल्या होत्या.

पायऱ्यांच्या खाली, सावलीला, एक म्हातारी बसली होती. हिवरखेडच्या संघातल्या सहदेवची आई, सुंदराबाई. "गुडघे धरतात माय," ती अनवरीला म्हणाली. "पोरगा खेळते म्हून आली. आता आवाज आयकीन आन् जाईन." तिच्याजवळच कुबड्या घेऊन श्रावण उभा होता. एकेकाळचा तेल्हाऱ्याकडचा नावाजलेला बचावपटू. मळणीयंत्रात पाय गेला तेव्हापासून तो मैदानाकडं फिरकला नव्हता.

अनवरीनं दोघांकडं पाहिलं. तीनचाकी पुढं नेली.

नाव पुकारलं गेलं. रॅम्पवर हिरवा गालिचा अंथरला होता, त्यात चाकं रुतत होती. मागून कुणीतरी जोर लावला. या वेळी अनवरी "हात काढ" म्हणाली नाही, कारण वळून पाहिलं तर ज्योत्स्ना होती. ती अनवरीकडं न पाहता ढकलत होती.

वर शाल आली, नारळ आला, माना टाकलेलं एक रोप आलं. मुख्य पाहुणे माईकवरून बोलले की दिव्यांग भगिनी या आपल्या सगळ्यांची प्रेरणा आहेत, शेतकऱ्यांनीही खचून न जाता त्यांच्याकडून शिकावं. बोंडअळी आणि पोलिओ यांचा काय संबंध ते त्यांनी सांगितलं नाही. टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं अनवरीला हसायला सांगितलं. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं तसाच फोटो काढला.

आणि मग तिनं समोर पाहिलं.

स्टेज माणसाच्या छातीइतकं उंच होतं आणि त्याच्या खालीच मॅट अंथरलेली होती. मधे कुणी नाही. पाठी नाहीत, डोकी नाहीत. पूर्ण मैदान, मधली रेषा, बोनसची रेषा, दोन्ही कोपरे. संघ उतरले होते. हिवरखेडचा सहदेव, सुंदराबाईचा पोरगा, चढाईला निघाला. समोर मोर्शीचा संघ. अनवरीनं त्यांच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोराचा पाय पाहिला. टाच उचलली गेली होती. "आता," ती पुटपुटली, आणि पोरानं झेप घेतली, सहदेवचा घोटा धरला, हातात हात धरलेल्या बचावपटूंची साखळी येऊन त्याच्यावर कोसळली.  अनवरीला आपला तो पाय आठवला, जो शाबासकी म्हणून कुणी धरत असे. मग तिनं डोळे पुसले, आणि सहदेवला शिवी हासडली, कारण तो उगाच आत घुसला होता.

"चला, अनवरीबाई," भगवंतराव कानाशी लागले. "झालं आपलं. पोरं उतरवतील खाली."

"काहून?"

"आता थोडा वेळ पाहुणे इथं बसणार."

"बसू द्या ना. मी कुठं त्यायच्या मांडीवर बसली? मले इथून दिसते."

"अहो, कार्यक्रमपत्रिकेत असं नाही. आपण खाली चला, मी आपल्याला मोबाईलवर..."

अनवरीनं तीनचाकीचा ब्रेक ओढला. खटकन आवाज झाला.

भगवंतरावांनी दोन स्वयंसेवकांना खूण केली. पोरं बिचकत पुढं आली आणि तीनचाकीच्या दांड्याला हात घातला. माईक अजून तिथंच होता, मुख्य पाहुण्यांसाठी खाली वाकवलेला, नेमका अनवरीच्या तोंडाजवळ.

"हात लावून त पाहा!"

तिचा आवाज भोंग्यांतून सबंध मैदानावर गेला. चढाई करणारा पोरगा मधल्या रेषेवरच थबकला. कॉमेंट्रीवाला गप्प झाला, बहुधा जन्मात पहिल्यांदा.

"मले वर आनलं तवा रॅम्प केला तुमी," ती पुढं बोलली. माईक चालू आहे हे तिला कळलं होतं आणि तिनं तोंड मुद्दाम आणखी जवळ नेलं. "अख्ख्या मैदानात माह्यासारखीले चढाले एकच जागा हाये, हे स्टेज. मंग मी इथंच पाहीन. तुमाले लाज वाटत असन त तुमी उतरा. तुमाले पाय हायेत."

गॅलरीतून हसण्याचा लोट आला, मग शिट्ट्या. स्थानिक चॅनलचा कॅमेरा स्टेजकडं वळला. भगवंतरावांचं पुणं एका क्षणात गळून पडलं. "ओ बाई, बंद करा ना तो माईक बाप्पा! कोनी बंद करा रे!" तेही भोंग्यांतून गेलं. मुख्य पाहुण्यांनी कॅमेरा पाहिला आणि प्रसन्न हसले. "बसू द्या, बसू द्या. त्या आपल्या भगिनी आहेत." भीतीला मोठ्या लोकांमध्ये औदार्य म्हणतात, असं अनवरीला वाटलं, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. चढाई सुरू झाली होती.

थोड्या वेळानं रॅम्पवर पुन्हा पावलं वाजली. ज्योत्स्ना सुंदराबाईला धरून वर आणत होती. मागून श्रावण, कुबड्या टेकत. त्याच्या मागून आपल्या सुनेचा हात धरून एक आंधळे मास्तर. "तुम्हाला काय दिसणार?" भगवंतराव जवळजवळ ओरडले. "सून सांगते," मास्तर शांतपणे म्हणाले आणि बसले. ज्योत्स्ना पुन्हा खाली गेली आणि आणखी कुणाकुणाला घेऊन आली. एका पोटुश्या बाईला, लकवा मारलेल्या एका हवालदाराला. भगवंतराव तिच्या आडवे आले तेव्हा ती इतकंच म्हणाली, "सर, सुलभ ना?" आणि बाजूनं निघून गेली.

स्टेजवर गर्दी झाली तसे पाहुणे अस्वस्थ झाले. सुंदराबाई पोराच्या प्रत्येक चढाईला पाहुण्यांचा दंड धरून दाबत होती. श्रावण मोर्शीच्या बचावाला उद्देशून असे शब्द वापरत होता की साहेबांच्या पत्नीनं पदर कानावर घेतला. एकेक करून पाहुणे उतरले आणि खाली सोफ्यांवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलंच नाही. फाटक उघडलं की रॅम्पवर रांग लागे. अनवरी रोज आली आणि रोज सगळ्यांना बोलली. श्रावणला म्हणाली की तो खेळत होता तेव्हाही त्याचा डावा हात ढिलाच होता. श्रावण पहिल्या दिवशी रागावला, दुसऱ्या दिवशी वाद घालू लागला आणि अंतिम सामन्याला तिच्यासाठी भाजलेल्या शेंगा घेऊन आला. हिवरखेड त्याआधीच हरलं होतं. सुंदराबाई तरी आली. "दिसते ना, मंग पाहाचं," म्हणाली.

स्पर्धा संपली आणि वर्तमानपत्रात फोटो आला: स्टेजवर बसलेली ती सगळी माणसं. खाली मजकूर होता की आयोजकांनी मानाचं व्यासपीठच दिव्यांगांसाठी आणि ज्येष्ठांसाठी खुलं करून राज्यात आदर्श घालून दिला. ही अभिनव कल्पना समितीचे सचिव भगवंतराव यांची. कंपनीनं त्यांना मुंबईत बोलावून स्मृतिचिन्ह दिलं. ते काचेचं होतं आणि थर्माकोलच्या पेटीत आलं. इस्त्रीवाल्यानं बातमी वाचून दाखवली तेव्हा अनवरीनं तो कागद मागून घेतला आणि त्याच्यावर भगवंतरावांच्या मापाची विजार कापण्याचा नमुना आखला. "कमरेले जास्त धरा लागन," म्हणाली. "फुगला असन आता."

ज्योत्स्नाला पुढच्या समितीतून वगळण्यात आलं. कारण कुणी सांगितलं नाही. ती बऱ्याच दिवसांनी दुकानात आली आणि खुर्ची ओढून बसली.

"आपा, तुम्ही त्या दिवशी बोललात ते खरंच होतं," ती म्हणाली. "पण बोलायची गरज नव्हती."

अनवरी दोरा ओवत होती. दोरा सुईच्या नेढ्यातून जाईना. "हाव, नव्हती," ती शेवटी म्हणाली. तिच्या आयुष्यात माफीच्या इतक्या जवळ ती कुणासाठीही गेली नव्हती, आणि ज्योत्स्नाला ते कळलं की नाही कोण जाणे. तिनं सुई अनवरीच्या हातातून घेतली आणि दोरा ओवून दिला.

पुढच्या वर्षी पूर्णा चषक अमरावतीला गेला, बंद सभागृहात. भगवंतराव शहाणे झाले होते. स्टेज होतं, रॅम्प नव्हता. सत्कार मॅटवरच उरकायचे ठरले. निमंत्रणपत्रिकेतून "सुलभ" हा शब्द गेला होता, "हरित" राहिला होता. "एक खोटं त कमी झालं," अनवरी म्हणाली.

पण ज्योत्स्ना कॉलेजच्या मुलींचा संघ घेऊन त्या स्पर्धेत उतरली होती. तिनं नियम नीट वाचले होते. प्रत्येक संघाला मैदानाच्या रेषेलगत एक बाक मिळतो, प्रशिक्षकाला आणि व्यवस्थापकाला बसायला. व्यवस्थापक कोण असावा याबद्दल नियमांत पायांचा उल्लेख नव्हता. ज्योत्स्नानं अनवरीचं नाव दिलं. अनवरीनं आधी साफ नकार दिला, मग विचारलं की जर्सी कुणाकडं शिवून राहिली, आणि ते काम घेऊनच तयार झाली. इनायतुल्लानं आपल्याकडं मुक्कामाला ये म्हटलं, तर म्हणाली, "तुह्या घरी जिना हाये."

सभागृहात तिला पाहताच भगवंतरावांनी रस्ता बदलला. ओळखपत्र गळ्यात होतं, कुणी अडवू शकत नव्हतं. रेषेपासून हातभर अंतरावर तिची तीनचाकी लागली. इथून मैदान वरून दिसत नव्हतं, पण मुलींच्या टाचा ऐकू येत होत्या, श्वास ऐकू येत होते, आणि कोपऱ्यातला पाय तर हात लांबवला की लागेल इतका जवळ. पहिल्या सामन्यात तिनं आपल्याच मुलींना इतकं फैलावर घेतलं की एक रडू लागली. दुसऱ्या सामन्यात तिनं पंचाला विचारलं की त्याचे डोळे घरी राहिले का. पंचानं शिट्टी वाजवली, खिशातून ताकिदीचं हिरवं कार्ड काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

"हे काय?" अनवरीनं ज्योत्स्नाला विचारलं.

"ताकीद, आपा. पुन्हा बोललात तर बाहेर काढतील."

"मले? एकटीले?"

"जो कोणी बोलेल त्याला. सगळ्यांना सारखंच असतं."

अनवरीनं त्या कार्डाकडं जरा वेळ पाहिलं. मग दुपट्टा सावरला, ओठ घट्ट मिटले आणि उरलेला सामना एका शब्दाशिवाय पाहिला. मुली उपांत्यपूर्व फेरीत हरल्या. परतीच्या गाडीत सगळ्या मलूल होऊन बसल्या होत्या. मूर्तिजापूर आलं तशी प्रत्येकीची चूक अनवरीनं एकेक करून सांगायला सुरुवात केली. मुली आधी माना घालून ऐकत होत्या. थोड्या वेळानं त्यांच्यातली एक उलट बोलली. दुसरीनं तिची बाजू घेतली. गाडीत असा काही कल्ला झाला की चालकानं आरसा वळवून मागं पाहिलं, आणि ज्योत्स्ना खिडकीला डोकं टेकून झोपी गेली.